दोनशे बारावं पान

"ती रिबन काढा," तांबट सर म्हणाले.

"रिबन काढली तर कागदावर काहीच उमटणार नाही, सर."

"तुम्हाला दिसेल असं उमटणार नाही. आम्हाला शाई घेऊन काय करायचीय?"

मी प्रिंटरची रिबन काढली. सरांनी खिशातून सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक कापलेला तुकडा काढला आणि चाचपत तो प्रिंटरच्या रुळावर गुंडाळला. त्यावर जाड कागद घातला. प्रिंटरच्या डोक्यात बारीक सुया असतात, त्या रिबनवर आपटतात आणि टिंबं उमटतात, एवढंच मी त्यांना आदल्या रविवारी सांगितलं होतं. आठवडाभरात त्यांनी त्या माहितीचं हे केलं होतं. मी टिंबांची एक ओळ छापायला लावली. सरांनी कागद ओढून घेतला, पालथा केला आणि मागच्या बाजूनं बोट फिरवलं.

"फुगवटा आलाय," ते म्हणाले. "बारीक आहे. एकाच जागी तीनदा मारता येईल?"

येईल, असं मी म्हणून टाकलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि जे विचाराल ते येईल असंच म्हणायची मला सवय होती.

ही १९८९ सालची गोष्ट. कऱ्हाडात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते. गावाबाहेर मनोरमाबाई अंधशाळा म्हणून एक लहानशी निवासी शाळा होती, तिला मुंबईच्या एका ट्रस्टनं तीन महिन्यांच्या बोलीवर एक संगणक दिला होता. त्यात हार्ड डिस्क नव्हती, दोन फ्लॉप्या होत्या आणि आजच्या घड्याळातसुद्धा असते त्याहून कमी मेमरी होती. खुर्च्या विणायच्या खोलीत, वेताच्या भेंडोळ्यांशेजारी तो ठेवला होता. तो चालवणारं शाळेत कुणी नव्हतं, म्हणून निकमबाई, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, आमच्या क्लासवर आल्या आणि मी रविवारी जाऊ लागले. तीन महिन्यांनी ट्रस्टचे लोक पाहायला येणार होते. यंत्राचा मुलांना उपयोग होतोय असं दिसलं तर ते राहणार, नाहीतर दुसऱ्या शाळेत जाणार.

रघुनाथ तांबट जन्मापासून पाहू शकत नव्हते. वय पन्नाशीचं. शाळेतली बहुतेक सगळी ब्रेल पुस्तकं त्यांनी स्वतः ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून, टोचणीनं टोचून लिहिलेली होती. ब्रेल वाचायचं असतं वर आलेल्या ठिपक्यांवर बोट फिरवून. पण टोचताना ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो, म्हणून लिहिताना सगळं उलटं लिहावं लागतं, उजवीकडून डावीकडे, आरशात दिसावं तसं. मग कागद पालथा केला की ते सुलट होतं. मला हे ऐकून चक्कर यायची. सर चाळीस वर्षं तेच करत होते.

या वेळी त्यांना घाई होती ती द्वारका शेलारसाठी. ही पाटणकडच्या एका वाडीतली मुलगी, सोळा वर्षांची. अंधशाळेच्या वसतिगृहात राहून गावातल्या हायस्कूलला जायची. मार्चमध्ये दहावीला बसणार होती. आमच्या भागात अंध मुलं तेव्हा गणित सोडायची. द्वारकाला सोडायचं नव्हतं. तिचं बीजगणिताचं पुस्तक ब्रेलमध्ये कुठंच मिळत नव्हतं. हातानं टोचायचं तर दोनशे चाळीस पानं होत होती आणि सरांच्या मनगटाला सूज येऊ लागली होती.

"यंत्र राहिलं तर पोरगी पास होईल," सर म्हणाले. "नाही राहिलं तर गणित सोडेल. एवढंच आहे बघा."

मी आधी बेसिक या सोप्या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिला. एका पानाला वीस मिनिटं लागू लागली. मग असेंब्लीत लिहिला, म्हणजे यंत्राशी त्याच्याच भाषेत, एकेका पावलाचं बोलायचं: हा आकडा इथून उचल, तिथं ठेव, प्रिंटर मोकळा आहे का बघ, नसेल तर थांब. त्यात खूप काही हाताशी नसतं, पण जे असतं ते आपल्या मुठीत असतं. उलटं छापण्याची मला भीती होती, ती तर एका आज्ञेत सुटली. असेंब्लीत यंत्राला एका शब्दात सांगता येतं, की आता पुढे चालत जा किंवा मागे चालत जा. त्या दोन आज्ञांमध्ये एका बिटाचा, म्हणजे एका शून्य-एकाचा, फरक असतो. मी ठिपक्यांची ओळ मेमरीत सुलट रचली आणि प्रिंटरकडे पाठवताना तिच्या शेवटच्या घरापासून उलट चालत गेले. झालं. सरांनी कागद पालथा करून वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "उत्तराबाई, मला हे शिकायला दहा वर्षं लागली होती." त्या दिवशी मी घरापर्यंत सायकल हात सोडून चालवली.

सरांचा एक नियम मात्र सांगायला हवा. वर्गात एखादं पोर धडा वाचू लागलं, की सर मध्येच त्याच्या हाताखालचा कागद हळूच उलटा फिरवून ठेवायचे, खालची कड वर. पोर बोटानं वाचत असेल तर अडायचं. पाठ म्हणत असेल तर घडाघडा पुढे जायचं, आणि मग वर्गात हशा पिकायचा. पाठ म्हणणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती: तोच धडा पाटीवर पाच वेळा टोचून आणायचा.

"पाठ तर पोपटही म्हणतो," सर म्हणायचे. "आपल्याला डोळे नाहीत. बोटंही खोटं बोलायला लागली तर उरलं काय?"

ट्रस्टचे विश्वस्त पोतनीससाहेब नोव्हेंबरात एका शुक्रवारी आले. आदल्या दिवशी त्यांचा निरोप होता, की कागदावर नुसते फुगवटे असतात, ते पाहुण्यांना काय कळणार, तेव्हा स्क्रीनवरही काही दिसेल असं करा. सर त्याच दिवशी द्वारकाच्या लेखनिकाची, म्हणजे परीक्षेत तिची उत्तरं लिहून घेणाऱ्याची, परवानगी काढायला साताऱ्याला गेले होते आणि अजून परतले नव्हते. मी शुक्रवारी सकाळी लवकर जाऊन तेवढा बदल केला. छापली जाणारी ओळ स्क्रीनवर मोठ्या ठिपक्यांत दिसू लागली. भिंतीवर डोळसांसाठी ब्रेलच्या अक्षरांचा तक्ता होता. त्याच्याशी ताडून पाहिलं तर स्क्रीनवरचं उलटं होतं. म्हणून मी दोन आज्ञा बदलल्या, आणि ओळ तक्त्यातल्यासारखी सुरेख सरळ दिसू लागली. मी स्वतःवर खूश होते.

सर आले ते पाहुण्यांबरोबरच. साठीचे पोतनीससाहेब हळू बोलणारे, सज्जन गृहस्थ होते. मी पाचवीच्या वाचनातला गुऱ्हाळाचा धडा फ्लॉपीवर ठेवला होता, तो छापायला लावला. स्क्रीनवर ठिपके उमटत गेले, पाहुणे तक्ता आणि स्क्रीन आळीपाळीनं पाहून माना डोलावू लागले. प्रिंटर तीन-तीनदा आपटत पान छापून गेला. मी ते फाडलं, पालथं केलं आणि सरांच्या पुढ्यात ठेवलं.

सरांनी दोन्ही हात कागदावर ठेवले. पहिल्या ओळीवरून बोटं एकदा गेली आणि थांबली. मला वाटलं, घसा साफ करतायत.

"पहाटे चार वाजता चरक फिरू लागतो," सरांनी वाचायला सुरुवात केली. "रस काहिलीत पडतो, आणि सगळ्या शिवारात गोड वास सुटतो..."

ते न अडता शेवटपर्यंत वाचत गेले. पोतनीससाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी निकमबाईंना हात जोडले. "आता या मुलीलाही वाचू दे," ते द्वारकाकडे वळून म्हणाले.

"राहू द्या, साहेब," सर म्हणाले. "ती सकाळपासून हायस्कूलला होती. दमलीय."

"दोनच ओळी."

द्वारका पुढे आली. तिनं बोटं ठेवली. डावीकडून सुरुवात केली, मागे आली, पुन्हा सुरुवात केली. खालच्या ओळीवर गेली. कानशिलांवर घाम आला.

"काय लिहिलंय, बाळ?" पोतनीससाहेबांनी विचारलं.

"कळंना," द्वारका म्हणाली.

"पहिला शब्द तरी?"

"न्हाई कळत, साहेब."

मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. पोतनीससाहेबांनी द्वारकाच्या डोक्यावर हात ठेवला, "असू दे, असू दे" म्हणाले, आणि बाहेर व्हरांड्यात निकमबाईंना हलक्या आवाजात म्हणाले, "यंत्र तुमच्याकडेच राहील, काळजी नको. पण बोर्डाला हिलाच का बसवताय? झेपेल असं एखादं मूल निवडा." त्यांना वाटलं, ऐकू येणार नाही. त्या शाळेत कुजबुजलेलं सगळ्यात आधी ऐकू जायचं. द्वारका वाटेच्या कडेनं मुलांसाठी बांधलेली दोरी धरून वसतिगृहाकडे निघून गेली.

गाडी गेल्यावर सर म्हणाले, "उत्तरा, दार लाव."

त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"हा कागद उलटा आहे," ते म्हणाले. "सगळा. आरशातला. आज काय बदललंस?"

स्क्रीनवर ओळ दाखवायला मी वेगळा तुकडा लिहिला नव्हता. प्रिंटरला ओळ पाठवणारा तुकडाच स्क्रीनलाही वापरला होता, कारण एकच काम दोनदा लिहिणं मला गबाळेपणाचं वाटायचं. पाहणाऱ्यांसाठी ओळ सरळ केली, तेव्हा वाचणाऱ्यांसाठी ती उलटी झाली होती. आणि मी ती तपासली होती डोळ्यांनी, भिंतीवरच्या तक्त्याशी.

"मग तुम्ही वाचलंत कसं?"

"वाचलं नाही. तो धडा चाळीस वेळा तरी टोचला असेल मी. पाठ म्हटला." ते खुर्चीवर बसले. "पहिल्याच ओळीत कळलं. म्हटलं, आत्ता तोंड उघडलं तर यंत्र गेलं, पुस्तक गेलं. दुसरं काही सुचलं नाही. पोरीला पुढे करतील हे तर डोक्यातच आलं नाही."

मला रडू फुटलं. सर म्हणाले, "ते नंतर. आधी नीट कर."

दोन आज्ञा परत फिरवायला दोन मिनिटंही लागली नाहीत, याची मला आजही लाज वाटते. पान पुन्हा छापलं. सरांनी दोन्ही हातांनी शेवटपर्यंत वाचून पाहिलं आणि द्वारकाला बोलावून आणायला सांगितलं.

ती डोळे पुसून आली होती. "मला न्हाई जमायचं, सर," ती दारातूनच म्हणाली. "मशिनीचं टिपकं येगळं लागत्यात."

"बस. वाच."

तिनं बोट ठेवलं. "पहाटे चार वाजता चरक..." ती थांबली. मग भराभर वाचत गेली, पान संपेपर्यंत. संपल्यावर पहिल्या ओळीवर परत बोट नेलं.

"ह्ये तर सरळ हाय. मघाचं ह्येच हुतं?"

"मघाचं उलटं छापलं होतं," मी म्हटलं. "माझी चूक झाली, द्वारका. तुझं काही चुकलं नव्हतं."

तिनं ऐकून घेतलं. मग तिनं तोंड सरांच्या खुर्चीकडे वळवलं.

"मग सरांनी काय वाचलं?"

सर म्हणाले, "पाठ म्हटलं."

"मलाबी पाठ हुता की, सर, त्यो धडा," द्वारका म्हणाली. "सगळा."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सरांनी चष्मा काढला, जो ते निव्वळ डोळे झाकायला घालायचे, आणि तो हातात धरून बसून राहिले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. बाहेर पोरं घंटीच्या चेंडूनं खेळत होती, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"ते मला ढ समजून गेलं," द्वारका म्हणाली. "त्यास्नी कळवा."

"यंत्र जाईल, पोरी."

"जाऊ दे. पर कळवा."

दुसऱ्या दिवशी शनिवारची शाळा होती. मी मुद्दाम रजा काढून गेले. तांबट सर वर्गात शेवटच्या बाकावर बसून गुऱ्हाळाचा धडा पाटीवर टोचत होते. सगळ्या पोरांना त्यांनी कारण सांगितलं होतं. पोरं हसली नाहीत. पाच वेळा टोचून झाल्यावर त्यांनी कागद द्वारकाच्या हातात दिले, आणि तिनं ते सगळे, पाचही, बोटानं वाचून तपासले. चौथ्यात एक ठिपका राहिला होता, तो तिनं दाखवला.

त्याच दुपारी सरांनी पोतनीससाहेबांना पत्र सांगितलं. मी शाईनं लिहून घेतलं. चूक माझी, असं मी मध्ये घालू पाहत होते, तर ते म्हणाले, "तुझी चूक तू वेगळ्या कागदावर लिही. ही माझी आहे." मी वेगळ्या कागदावर लिहिली. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात गेली.

उत्तराची वाट पाहायला आम्हाला सवड नव्हती. यंत्र कधीही जाईल हे धरून आम्ही पुस्तक छापायला घेतलं. मी आता रोज जाऊन शाळेचं पुस्तक बघून टाइप करायची, गणिताची चिन्हं सर सांगायचे, निघालेलं प्रत्येक पान द्वारका बोटानं तपासायची, आणि ती 'हां' म्हणेपर्यंत दुसरं पान सोडायचं नाही असा तिनंच नियम केला. दिवसाला दहा पानं, कधी बारा. प्रिंटरचं डोकं इतकं तापायचं की त्याला तासातासानं विश्रांती द्यावी लागे. मला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती, एक डिसेंबरला हजर व्हायचं होतं. घरी मी तारीख पुढे गेलीय असं सांगितलं. ती गेली नव्हती.

चार डिसेंबरला ट्रस्टचा टेम्पो आला. सोबत पोतनीससाहेबांचं पत्र होतं. प्रामाणिकपणाबद्दल मनापासून आभार मानले होते आणि मुलीची माफी मागितली होती. यंत्राबाबत मात्र विश्वस्त मंडळानं वेगळा निर्णय घेतला होता, त्याला त्यांचा नाइलाज होता. मी पत्र वाचून दाखवलं. द्वारकानं माफीचा भाग पुन्हा वाचायला सांगितला. ड्रायव्हरनं आम्हाला हातातलं पान पुरं करू दिलं, एवढा तो भला होता. ते दोनशे अकरावं पान होतं. मग वायरी गुंडाळल्या, आणि रुळावरची ट्यूब सरांनी सोडवून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाटी काढली.

"सांग," ते म्हणाले.

उरलेली एकोणतीस पानं मी वाचून सांगितली आणि त्यांनी सुजलेल्या मनगटानं टोचली. आम्हाला तीन आठवडे लागले. पुण्याची नोकरी गेली. पुढे दुसरी मिळाली, आणि मी पस्तीस वर्षं यंत्रांत प्रोग्रॅम घालत राहिले. द्वारकाला गणितात त्रेसष्ट मार्क पडले. ती नंतर बी.एड. झाली आणि साताऱ्याला शाळेत गणित शिकवू लागली. तांबट सर दोन हजार सात साली गेले.

गेल्या वर्षी मी द्वारकाकडे राहायला गेले होते. चहा झाल्यावर तिनं कपाटातून ते पुस्तक काढलं, चार जाड भागांत बांधलेलं. ठिपके बरेच बसले होते.

"बाई, डोळे मिटा," ती म्हणाली. "मशीन कुठं संपलं ते ओळखा."

मी ब्रेल बोटानं वाचायला उशिरा शिकले, आणि अजून पहिलीच्या पोरासारखी वाचते. पण ते मला ओळखता आलं. यंत्राचे ठिपके सगळे सारखे, बुटके, एका ओळीत उभे. मग एका पानावर ते एकदम उंच झाले, टोकदार, आणि ओळीच्या अखेरीला किंचित दमलेले.

"दोनशे बारा," मी म्हटलं.

"बरोबर. वाचा आता."

मी डोळे मिटून बोट फिरवू लागले. त्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं. ते मीच तर सांगितलं होतं, दोन-दोनदा, सर टोचत असताना. "एका आयताची लांबी," मी वाचलं, "त्याच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा तीन सेंटिमीटरनं जास्त आहे. आयताचं क्षेत्रफळ..." मला बरं वाटत होतं. वाटलं, सर असते तर शाबास म्हणाले असते. मी गणित शेवटपर्यंत वाचलं आणि डोळे उघडले.

द्वारका हसत होती. तिचे दोन्ही हात पुस्तकावर होते, आणि पुस्तकाची खालची कड वर होती.

"कधी फिरवलंस?" मी विचारलं.

"'दुपटी'वर," ती म्हणाली.

तिनं टेबलाचा खण उघडून सरांची पाटी आणि टोचणी माझ्यापुढे ठेवली, आणि पाच कोरे कागद मोजून दिले.